न्यू जर्सी: एकट्या काकूंसाठी सेक्शन ८ चा अर्ज कसा करायचा?

एडिसनकर:
ओळखीतल्या एक काकू आहेत, वय ६७, ग्रीन कार्ड आहे, एकट्याच भाड्याने राहतात. दुकानात पार्टटाइम करून महिन्याला १२०० डॉलर मिळतात त्यातले बहुतेक भाड्यातच जातात, मग बीपीच्या गोळ्या एक दिवसाआड घेतात, बघवत नाही. सेक्शन ८, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांच्या भाड्याचा काही भाग सरकार भरतं ते व्हाउचर, सिटिझन नसल्या तरी मिळतं का? आणि त्यांचा मुलगा म्हणतोय व्हाउचर मिळालं की माझं बेसमेंटच त्यावर देतो, तसं जमेल का?

जर्सीवाली:
ग्रीन कार्ड चालतं. व्हिजिटर व्हिसावर आलेल्यांना नाही मिळत. पण बेसमेंटचं डोक्यातून काढा, मुलगा, मुलगी, भावंडं, नातवंडं यांच्या मालकीच्या घराला व्हाउचर देत नाहीत, अपंगत्वामुळे खास परवानगी मिळाली तरच. बाहेरचं घर घेतलं की काकूंनी उत्पन्नाच्या ३० टक्क्यांच्या आसपास भरायचं म्हणजे साडेतीनशेच्या घरात, उरलेलं हाउसिंग ऑथॉरिटी (हे व्हाउचर चालवणारं स्थानिक सरकारी ऑफिस) थेट घरमालकाला देते, फक्त भाडं त्यांच्या मर्यादेत हवं आणि आधी घराचं इन्स्पेक्शन होतं. आणि व्हाउचर आहे म्हणून घर नाकारणं न्यू जर्सीत बेकायदेशीर आहे हे काकूंना नक्की सांगा, बरेच घरमालक सरळ नाही म्हणतात आणि माणसं गप्प परत येतात.

मिडलसेक्सचा:
खरी अडचण वेटिंग लिस्टची. बहुतेक वेळा बंदच असते, उघडली तर थोडेच दिवस, मग लॉटरी, आणि नंबर लागला तरी वर्षानुवर्षं थांबावं लागतं. म्हणून एकाच गावात अर्ज करून बसू नका, जिथे लिस्ट उघडेल तिथे भरा. अर्जाला पैसे लागत नाहीत, कोणी मागितले तर फ्रॉड समजा. आमच्या ओळखीतल्या एका आजोबांनी घर बदललं, अजून यादीत राहायचंय का असं विचारणारं पत्र जुन्या पत्त्यावर गेलं, उत्तर नाही म्हणून नावच कटलं, इतकी वर्षं थांबून! पत्ता बदलला की लगेच कळवायचं.

सुजाता_पी:
सेक्शन २०२ च्या बिल्डिंगपण बघा ना, ६२ च्या वरच्या कमी उत्पन्नवाल्यांसाठीच असतात, भाडं तिथेही उत्पन्नावरच. आई राहते तशा एका ठिकाणी, बाथरूममध्ये धरायला दांडे आहेत आणि पडलं तर ओढायची दोरी, मला रात्री झोप लागते त्यामुळे. प्रत्येक बिल्डिंगची लिस्ट वेगळी, ऑफिसात जाऊन फॉर्म मागायचा.

एडिसनकर:
खूप आभार. २०२ चं माहीतच नव्हतं, आधी तिकडेच जातो. पे स्टब (पगाराची स्लिप), बँक स्टेटमेंट, ग्रीन कार्डची कॉपी काढून ठेवायला सांगतो काकूंना, अजून काही लागतं का?

सुजाता_पी:
सोशल सिक्युरिटी कार्ड, आणि औषधांची बिलं. खर्च ठरावीक मर्यादेवर गेला तर उत्पन्नातून वजा धरतात.