कडेची संत्री अंड्यासारखी येऊन राहिली, कोणती लेन्स घेऊ?

काटोलचा_बागवान:
नमस्कार मंडळी. आंबिया बहाराचा संत्र्याचा माल निघून राहिला, यंदा नागपुरात व्हॉट्सॲपवर थेट विकायचं म्हणतो. सगळे क्रेट एका फोटोत यावे म्हणून मोबाइलवर झूम ०.५ (सगळ्यात रुंद) करून काढतो तर मधली संत्री गोल, कडेची पार लांबुळकी, एक गिऱ्हाईक तर विचारते की भाऊ हा वेगळा वाण आहे काय. मोबाइलला लावायची चांगली लेन्स सांगा, बजेट ५ हजार.

धंतोली_क्लिक:
पैसे ठेव खिशात भाऊ. लेन्स खराब नाही, हे भूमितीचं आहे. टॉर्च भिंतीवर तिरपा मारला की उजेडाचा गोल लांबट होते ना, फोनात फोटो टिपणारा सेन्सरही सपाट भिंतच. ०.५ म्हणजे बहुतेक फोनात साधारण १३ मिमीची लेन्स (फोकल लांबी; आकडा जितका लहान तितकं दृश्य रुंद), हिशोबानं त्याच्या पार कोपऱ्यातलं संत्रं रुंदीच्या जवळपास दुप्पट लांब दिसते. २४ मिमीला तेच ३५ टक्के जास्त लांब, ५० मिमीला ९-१० टक्के, म्हणजे डोळ्याला कळतही नाही. मजा पाय, क्रेटची समोरची बाजू फोनला समांतर असली तर कडेलाही चौकोन बरोब्बर चौकोनच येते, लांबते ते संत्र्यासारखे गोळे. १०-१२ फूट मागं जा आन २एक्स झूम लाव.

बर्डी_बाबू:
फिशआय (लई रुंद दृश्य घेणारी फुगीर लेन्स) घ्या ना, त्यात गोल बऱ्यापैकी गोल राहते.

धंतोली_क्लिक:
राहते, पण क्रेटच्या पट्ट्या केळीसारख्या वाकतात. वाइडमधी सरळ रेघ सांभाळा नाहीतर गोल सांभाळा, दोन्ही होत नाही.

अंबाझरी_वॉकर:
मधीच विचारतो, माझ्या फोटोत दीक्षाभूमीचा स्तूप मागं कलल्यासारखा काऊन दिसते?

धंतोली_क्लिक:
फोन वर तिरपा केला असशीन. दूर जा, फोन सरळ उभा धर, खालची जास्तीची फरशी क्रॉप कर. स्नॅपसीड या फोटो सुधारायच्या ॲपमधी पर्स्पेक्टिव्हनं सुधरते पण बाजू थोड्या कापल्या जाऊ शकतात.

काटोलचा_बागवान:
दादा, गोडाऊनमधी मागं सरकायला जागाच नाही, पाठीला भिंत लागते.

धंतोली_क्लिक:
मंग क्रेट आंगणात काढ, सावलीत. नाहीच जमलं तर सुटी संत्री फोटोच्या मधोमध ठेव, कडेला भरलेले बंद खोके लाव.

काटोलचा_बागवान:
माझ्या फोनातला २एक्स डिजिटल (वेगळी लेन्स नाही, फोटोच कापून मोठा करणारा) आहे म्हणते पोरगा, चालन काय?

धंतोली_क्लिक:
व्हॉट्सॲपवर तसाही फोटो दाबून जाते. बिनधास्त चालन.