टर्बो गाडी नीट सांभाळली तर किती टिकते? माझं म्हणणं: पंधरा वर्षं, तीही पहिल्याच टर्बोवर

सुदामानगरवाला

माझी स्विफ्ट डिझेल २०१२ ची. आज मीटरवर २,३६,४०० किलोमीटर आहेत आणि टर्बो शोरूममधून आला तोच आहे. परवा इथे इंदूरला रामबागेत एका लग्नात मेव्हण्याने भर पंगतीत सांगितलं, "टर्बो म्हणजे लाखभर किलोमीटरचा पाहुणा, तू पेट्रोल टर्बो घ्यायच्या भानगडीत पडू नकोस." मला ते मुळीच पटलं नाही. तिथे वाद घालणं बरं दिसलं नसतं, म्हणून इथे लिहितोय.

टर्बोत असतं काय? सायलेन्सरकडे वाया जाणाऱ्या गरम धुराने फिरणारं एक चाक आणि त्याच दांडीच्या दुसऱ्या टोकाला इंजिनात हवा कोंबणारं दुसरं. अल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरने १९०५ साली याचं पेटंट घेतलं, म्हणजे ही कालपरवाची टूम नाही. ही दांडी मिनिटाला लाख-दीड लाख फेऱ्या घेते आणि बहुतेक गाड्यांत ती तेलाच्या पातळ थरावर तरंगत असते. म्हणून मी बाकी सगळीकडे काटकसर केली, तेलात कधीच केली नाही. पुस्तकात १०,००० लिहिलंय, मी ७,००० ला बदलतो. सकाळी निघालो की फूटी कोठीपर्यंत ॲक्सिलरेटरवर पाय हलकाच. दिवाळीत नाशिकहून परतताना बिजासन घाट लागतो, पुढे खलघाटला नर्मदा ओलांडली की मानपूरचा चढ. वर चहाला थांबलो की मी किल्ली लगेच फिरवत नाही. बायको-मुलं उतरून चहा सांगेपर्यंत, मिनिटभर का होईना, इंजिन चालू ठेवतो. तापलेल्या टर्बोत तेल जागच्या जागी थांबलं की ते जळून त्याचे खडे होतात.

एवढंच केलंय. मग पेट्रोल टर्बोने काय घोडं मारलंय?

छत्रीबाग

दादा, तुमच्या गाडीचं कौतुक आहेच, पण डिझेलचा दाखला पेट्रोलला लावू नका. डिझेलचा धूर साधारण ८०० अंशांच्या आसपास जातो, पेट्रोलचा ९५० च्या घरात. धातू, तेल, गॅस्केट, सगळ्यांना जास्त भाजणं.

दुसरं म्हणजे तुमचं रनिंग हायवेचं. माझं ऐका. माझ्याकडे एक लिटरची, तीन सिलिंडरची पेट्रोल टर्बो होती. घर ते राजवाड्याजवळचं दुकान, साडेतीन किलोमीटर. दुपारी जेवायला घरी, संध्याकाळी परत. वर्षाला ६,५०० किलोमीटरसुद्धा होत नसत. सर्व्हिस दर वर्षी ठरलेल्या महिन्यात, एकही चुकवली नाही, सगळी बिलं फाइलला आहेत. ५८,००० ला शिट्टीसारखा आवाज सुरू झाला, पंधरा दिवसांत निळा धूर. वरचं झाकण उघडलं तर आत काळा चिकट थर, बोटाने खरवडला तर नखात अडकला. टर्बोला तेल नेणारी नळी जवळजवळ बंद. नवा टर्बो, नळी, मजुरी मिळून ६४,००० रुपये गेले.

आता सांगा, मी कुठली निगा ठेवली नाही? पुस्तकात होतं ते सगळं केलं. निगा राखूनही गाडी जाते, ती "नीट सांभाळली नाही" असं म्हणून तुम्ही मोकळे होता, हे मला मान्य नाही.

राजेंद्रनगर_ताई

छत्रीबागकाकांशी शंभर टक्के सहमत. आमच्याकडे चार सिलिंडरची साधी पेट्रोल गाडी आहे, २००९ ची. मागच्या वर्षी आरसी पाच वर्षांसाठी वाढवून घेतली. इतक्या वर्षांत इंजिन उघडलेलं नाही. ज्यांना गाडी मुलाच्या लग्नापर्यंत ठेवायची आहे, त्यांनी जितके भाग कमी तितकं बरं.

सुदामानगरवाला

काका, तुमचं नुकसान वाचून वाईट वाटलं आणि "सांभाळली नाही" असं तुम्हाला कुणी म्हणू नये. पण चूक टर्बोची नाही, साडेतीन किलोमीटरच्या फेरीची आहे. इंजिन पुरतं तापायच्या आत बंद होतं. न जळलेलं पेट्रोल आणि पाण्याची वाफ तेलात उतरते आणि तिथेच राहते, कारण ती उडून जायला लागणारा ताव तेलाला मिळतच नाही. अशा वापरासाठी बहुतेक गाड्यांच्या पुस्तकात मागच्या पानांवर वेगळा तक्ता असतो: कमी अंतर, धूळ, सतत गर्दी, तर तेल निम्म्या मुदतीत. तुमची सर्व्हिस वर्षाला एक होती, ती सहा महिन्यांना एक हवी होती.

छत्रीबाग

तो तक्ता मला सर्व्हिस सेंटरमध्ये एकानेही दाखवला नाही. विकताना तर नाहीच. आणि इंदूरमध्ये गर्दी, धूळ, मे महिन्यातलं ४२-४३ अंश तापमान हे कुणाला चुकलंय? म्हणजे आपल्याकडे तो मागच्या पानावरचा तक्ताच खरा आणि पुढच्या पानावरचा १०,००० चा आकडा गाडी स्वस्तात पोसली जाते हे दाखवण्यापुरता. याचा मला मनापासून राग आहे.

१९६२ साली अमेरिकेत ओल्डस्मोबिल जेटफायर आली, जगातल्या पहिल्या टर्बो कारपैकी एक. तिला पाणी आणि मिथेनॉल यांचं मिश्रण वेगळ्या टाकीत भरत राहावं लागे. लोक भरायचे नाहीत. शेवटी कितीतरी गाड्यांचे टर्बो काढून साधे कार्ब्युरेटर बसवले गेले. मालकाने अमुक केलंच पाहिजे या भरवशावर यंत्र बनवलं की ते रस्त्यावर असंच हरतं. आपल्या पीथमपूरला नॅट्रॅक्सचा, म्हणजे गाड्यांची चाचणी घेणाऱ्या केंद्राचा, ११.३ किलोमीटरचा ट्रॅक आहे, तिथे गाडी खुशाल दिवसभर पळवा. तिथे तेलाची तारीख कुणी विसरत नाही.

राऊचा मिस्त्री

बावीस वर्षं हेच काम करतोय, म्हणून लिहितो. माझ्याकडे मेलेले टर्बो येतात, त्यांत स्वतःहून झिजून गेलेला क्वचितच सापडतो. बहुतेक वेळा तेल पोचलेलं नसतं किंवा फाटक्या एअर फिल्टरमधून कचरा गेलेला असतो. कधी आधीच्या कुणी सीलंट जास्त फासलेलं असतं आणि त्याचे तुकडे तेलाच्या वाटेत अडकलेले असतात. सगळ्यात वाईट केस म्हणजे नवा टर्बो जुन्याच चोंदलेल्या नळीवर बसवलेला. तो महिनाभरात परत येतो आणि गिऱ्हाईक टर्बोला शिव्या देतं. काका, तुमची नळी बदलली हे बरं झालं.

घरी बघायचं असेल तर इंजिन थंड असताना फिल्टरकडून येणारा हवेचा पाइप टर्बोच्या तोंडावरून काढा. चाकाच्या मधल्या नटाला दोन बोटांनी धरून वर-खाली हलवा. किंचित हललं तर घाबरू नका, तेल नसताना तेवढं हलतंच. पण आत-बाहेर सरकलं किंवा पात्याच्या कडा घरावर घासून चकाकत असतील, तर गाडी चालवू नका. पाइपमध्ये तेलाचा पातळ ओलावा चालतो, थेंब साचलेले चालत नाहीत.

सुदामानगरवाले दादा, तुमचं एक पटत नाही. गावातून हळूहळू घरी आलात तर दारात इंजिन चालू ठेवून उभं राहायची गरज नाही, गल्लीतच टर्बो थंड झालेला असतो. घाट चढून आलात, तर मात्र थांबाच.

पेट्रोलवाल्यांसाठी आणखी एक. चौथ्या गिअरला तीसच्या वेगात पाय दाबून गाडी ओढायला लावू नका. छोट्या, थेट इंजेक्शनच्या (म्हणजे पेट्रोल सरळ सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या) टर्बो इंजिनात त्याने ठिणगीच्या आधीच स्फोट होतो आणि पिस्टन फुटू शकतो. गिअर खाली घ्या. तेलाच्या डब्यावर एपीआय एसपी बघून घ्या. २०२० पासूनचा हा दर्जा याच दुखण्याचा विचार करून केलाय. त्याच इंजिनांत पेट्रोल व्हॉल्व्हवरून जात नाही, म्हणून व्हॉल्व्हच्या मागे काजळी धरते. लाखभर किलोमीटरला ती साफ करायचा खर्च धरून चाला.

राजेंद्रनगर_ताई

मिस्त्रीदादा, एवढी यादी वाचूनच मी माझी साधी गाडी आणखी पाच वर्षं ठेवणार.

राऊचा मिस्त्री

ताई, जरूर ठेवा. तुमचं फिरणं गावातल्या गावात असेल तर मीही साधंच घ्या म्हणेन. महिन्यातून दोनदा मुंबई-पुणे करणाऱ्याला मात्र टर्बोला नाही म्हणायला सांगणार नाही. अडीच लाख झालेल्या आणि टर्बो न उघडलेल्या इनोव्हा माझ्याकडे नेहमी येतात, टॅक्सीतल्या. दिवसभर तापलेल्या असतात आणि तेल वेळेवर बदललेलं असतं.

छत्रीबाग

मिस्त्रीदादांचं मान्य. तरी माझं मत बदललेलं नाही: दुकान-घर करणाऱ्या माणसाला टर्बो पेट्रोल विकू नये, आणि विकली तर सहा महिन्यांचं तेल पहिल्याच दिवशी लेखी सांगावं. मी आता साधी घेतली आहे. ओढ कमी आहे, झोप चांगली लागते.

सुदामानगरवाला

लेखी सांगावं हे मलाही शंभर टक्के पटतं. आमचं रनिंग वर्षाला अठरा हजारांचं, त्यात निम्मं नाशिकचं, म्हणून मी टर्बोच घेणार आणि पंधरा वर्षांचं म्हणणं सोडत नाही.

मिस्त्रीदादा, रविवारी सकाळी राऊला येतो. पाइप काढून माझ्यासमोर तो नट हलवून दाखवा. शेवटचं तेल बदलून २,३१० किलोमीटर झालेत. इंजिन थंड लागेल ना, म्हणून गाडी शनिवारी रात्रीच तुमच्याकडे लावून जातो.