मदत हवी आहे: टाळेबंदीत काम गेलेली माणसे माझ्या तक्त्यात सापडत नाहीत

तक्ता_अडला
नमस्कार. एम.ए. अर्थशास्त्राच्या लघुप्रबंधासाठी मला असा तक्ता करायचा आहे, की मंदीच्या काळात १५ ते २९ वयाची मुले शिक्षण, काम आणि बेरोजगारी या तीन अवस्थांमधून कशी ये-जा करतात. काळ टाळेबंदीचा घेतला आहे आणि आकडेवारी पीएलएफएसची, म्हणजे केंद्र सरकारच्या रोजगार-बेरोजगारीच्या पाहणीची आहे. तक्ता झाला, पण त्यात जवळपास सगळेच जिथल्या तिथे आहेत. विद्यार्थी विद्यार्थीच राहिले आहेत, कामावरचे कामावरच आहेत, आणि कामावरून बेरोजगारीत गेलेले हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकेच निघतात. २०२० साली किती माणसे घरी बसली हे शेंबडे पोरही सांगेल, मग ती माणसे गेली कुठे? नीटचे प्रमाणही वाढलेले दिसत नाही. मार्गदर्शकांना सोमवारी प्रकरण द्यायचे आहे आणि आज गुरुवार आहे. प्रत्येक अवस्थेचे आकडी कोड तपासून झाले आहेत, त्यामुळे कृपया 'कोड तपासा' एवढेच सांगू नये.

आकडेमोड
कोणत्या वर्षाची फाइल, पहिल्या भेटीची की पुनर्भेटीची, शहरी की ग्रामीण, आणि 'आधीची' व 'नंतरची' अवस्था म्हणून आपण नेमके कोणते रकाने घेतले, यांपैकी एकही गोष्ट आपण लिहिलेली नाही. ती लिहिल्याशिवाय कोणीही फक्त अंदाजच करील.

पालक_लातूर
नीटचे प्रमाण वाढलेले नाही हे आपले विधान मला पटत नाही. २०२० मध्ये या परीक्षेसाठी सुमारे १६ लाख विद्यार्थ्यांनी नोंदणी केली होती आणि २०२४ मध्ये २३ लाखांहून अधिक विद्यार्थी प्रत्यक्ष परीक्षेला बसले. माझी मुलगी येथेच रिपीटर बॅचला आहे आणि वर्गात बाक पुरत नाहीत, हे मी स्वतः पाहिले आहे. मंदी असली की डॉक्टरकीकडे ओढा वाढतो, हा मुद्दा आपल्या प्रबंधात अवश्य घ्यावा.

तक्ता_अडला
काका, ती नीट नव्हे. जे तरुण शिक्षणात नाहीत, नोकरीत नाहीत आणि प्रशिक्षणातही नाहीत त्यांना अर्थशास्त्रात त्या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून 'नीट' म्हणतात. हा शब्द ब्रिटनमध्ये १९९० च्या दशकाच्या अखेरीस रूढ झाला, आपल्या परीक्षेशी त्याचा संबंध नाही.

@आकडेमोड, २०१९-२० आणि २०२०-२१ च्या वार्षिक फाइली आहेत, पहिल्या भेटीच्या, शहर आणि गाव एकत्र. 'नेहमीची स्थिती' ही आधीची आणि 'चालू साप्ताहिक स्थिती' ही नंतरची धरली आहे. हे उघडच आहे असे मला वाटले.

नोकरी_मित्र
आपण बेरोजगार असाल तर मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेचा विचार करावा. बारावी उत्तीर्णांना महिना ६,०००, आयटीआय व पदविकाधारकांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये विद्यावेतन या योजनेत ठरवलेले आहे. आधार कार्ड बँक खात्याशी जोडलेले असू द्यावे.

तक्ता_अडला
मी बेरोजगार नाही. निदान सोमवारपर्यंत तरी नाही.

शिरगणती_काका
मी पाहणीच्या कामातून निवृत्त झालो आहे आणि दारोदार जाऊन हीच अनुसूची, म्हणजे प्रश्नावली, भरण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत, म्हणून सविस्तर लिहितो. आपली चूक कोडमध्ये नाही, ती काळाच्या मोजणीत आहे. 'नेहमीची स्थिती' विचारताना आम्ही मागचे ३६५ दिवस डोळ्यासमोर ठेवतो आणि माणसाने त्यातला बहुतांश काळ कशात घालवला ते पाहतो. 'साप्ताहिक स्थिती' म्हणजे भेटीच्या दिवसाआधीचे सात दिवस. एकाच भेटीतल्या या दोन उत्तरांना आपण 'आधी' आणि 'नंतर' धरले, म्हणजे एकाच पातेल्यातली आमटी दोन वाट्यांत वाढून चव का बदलली नाही असे विचारण्यासारखे झाले. शिवाय एक वर्ष २०१९-२० आणि दुसरे २०२०-२१ असे घेऊन तीच माणसे शोधायला गेलात, तर पहिल्या भेटीच्या फाइलींत ती मिळणारच नाहीत, कारण त्या वेगवेगळ्या कुटुंबांच्या आहेत. पाठोपाठच्या चार तिमाहींत तेच घर पुन्हा गाठण्याची सोय तेव्हा फक्त शहरी भागात होती. गावांसाठी ती जानेवारी २०२५ पासून आली.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येतो. इचलकरंजीत मी एका घरात बसलो होतो, बाहेर यंत्रमागांची खडखड चालू होती आणि प्रत्येक प्रश्न दोनदा विचारावा लागत होता. डिप्लोमा झालेला मुलगा होता. त्याने सात दिवसांत काय केले असे विचारल्यावर वडील म्हणाले, 'बसून आहे.' आई म्हणाली, 'अर्ज भरतोय की.' मुलगा आतून म्हणाला, 'सकाळी दुकान मीच उघडतो ना.' दुकान घरचेच, किराणा मालाचे, आणि हा रोज दोन तास गल्ल्यावर बसत असे. नियम असा आहे, की सात दिवसांत कोणत्याही एका दिवशी एक तास जरी काम केले तरी माणूस रोजगारात धरायचा, कारण काम हे काम शोधण्याच्या वर येते आणि काम शोधणे हे शिक्षणाच्या वर येते. मी कोड २१ लिहिला, घरच्या उद्योगातला मदतनीस. पगार नसलेला, पण सरकारदरबारी रोजगारातला. अशी किती मुले २०२० साली २१ मध्ये गेली असतील ते आपणच मोजा, म्हणजे आपली हरवलेली माणसे सापडू लागतील.

मुंबई_विश्लेषक
याच कारणासाठी मी सर्वांना सांगत असतो, की सरकारी पाहणी सोडून सीएमआयई या खासगी संस्थेची घ्यावी. ती मुलाखतीच्या दिवशी किंवा आदल्या दिवशी माणूस कामावर होता का ते विचारते, तेच घर दर चार महिन्यांनी गाठते, गावे आणि शहरे दोन्ही घेते, आणि एप्रिल २०२० चा बेरोजगारीचा दर तिने २३ टक्क्यांहून अधिक दाखवला होता. अझीम प्रेमजी विद्यापीठाचा २०२१ चा अहवालही याच आकडेवारीवर उभा आहे. २०१९ च्या अखेरीस पक्क्या पगारावर असलेल्यांपैकी जवळपास निम्मे लोक वर्षभरात असंघटित कामात गेले, आणि त्यांतला सर्वात मोठा भाग स्वयंरोजगारात शिरला, हे त्यात दिसते. धागाकर्त्याला हवा आहे तो तक्ता हाच.

शिरगणती_काका
त्या पाहणीत गरीब घरे कमी पडतात, असा आक्षेप अर्थशास्त्राचे अभ्यासक ज्याँ द्रेझ आणि अनमोल सोमांची यांनी २०२१ मध्येच घेतला आहे. शिवाय तिचे शुल्क एम.ए.च्या विद्यार्थ्याने कुठून भरायचे?

मुंबई_विश्लेषक
आक्षेपाला त्या संस्थेने उत्तर दिलेले आहे, आणि शुल्क विद्यापीठाचे ग्रंथालय भरते. ज्या पाहणीत दोन तास गल्ल्यावर बसलेला मुलगा रोजगारात मोजला जातो, तिच्यावर मंदीचा प्रबंध उभा करणे मला तरी धाडसाचे वाटते.

शिरगणती_काका
तो नियम आंतरराष्ट्रीय आहे, मी घरी बसून केलेला नाही.

गिरणगावची_लेक
दोघांचेही ऐकून आमचे घर आठवले, म्हणून लिहिते. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी चौथीत होते. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यांत बाबाही होते. थोरल्या भावाने नववीतून शाळा सोडली आणि तो एका छापखान्यात कागद मोजायला लागला. आईने खानावळीचे डबे सुरू केले, त्या डब्यांना मी संध्याकाळी राख लावून घासत असे. बाबा गावी जाऊन भाताच्या लावणीला उभे राहत. काकांच्या नियमाने पाहिले तर त्या वर्षी आमच्या घरात बेरोजगार एकही नव्हता, आणि महिन्याच्या सात तारखेला पगारही कोणाचा येत नव्हता. आधी विद्यार्थी म्हणून मोजला जाणारा भाऊ त्या वर्षी कामगार झाला, म्हणजे कागदावर आमच्या घरातला रोजगार वाढलाच.

आकडेमोड
आपला अनुभव बोलका आहे, परंतु संप आणि मंदी या वेगळ्या गोष्टी आहेत. संपात काम असते आणि कामगार ते नाकारतो.

गिरणगावची_लेक
पहिले काही महिने ते खरे होते. नंतर काम मागायला गेलेल्यांना फाटकावरूनच परत पाठवले गेले, आणि कित्येक गिरण्यांचे भोंगे पुन्हा वाजलेच नाहीत. भावाने दप्तर टाकले तेव्हा यातला फरक त्याला कोणी समजावून दिला नव्हता.

आकडेमोड
मान्य. मात्र त्यातून धागाकर्त्याच्या उपयोगाची एक गोष्ट निघते. मंदीत शिक्षणावर दोन उलट दिशांचे ताण येतात. नोकऱ्याच नसल्या की शिकत राहण्याने बुडणारा पगारही नसतो, म्हणून मुले कॉलेजात जातात किंवा तिथेच थांबतात. २००८ च्या मंदीनंतर अमेरिकेत सामुदायिक महाविद्यालयांतील प्रवेश असेच वाढले होते. दुसरीकडे घरातली मिळकत आटली की फी आणि घरखर्च भागवण्यासाठी मुलांना शिक्षणातून काढावे लागते. श्रीमंत देशात बहुधा पहिला ताण जिंकतो आणि आपल्याकडे घरागणिक उत्तर बदलते. दोन्ही एकत्र करून सरासरी काढली, तर ते एकमेकांना खोडतात आणि विद्यार्थी विद्यार्थीच दिसतात. म्हणून तक्ता वडिलांच्या कामाच्या प्रकारानुसार वेगळा करावा: पगारदार, रोजंदारीचे आणि स्वयंरोजगारवाले.

आणखी एक. एक तासाच्या नियमामुळे शिकवणी घेणारा विद्यार्थी साप्ताहिक स्थितीत 'कामावर' जातो आणि आपल्याला वाटते की त्याने शिक्षण सोडले. पहिल्या भेटीच्या अनुसूचीत सध्या शिक्षण घेत आहे की नाही याचा वेगळा रकाना आहे, तो सोबत ठेवावा.

पालक_लातूर
माझी मुलगी बारावी झाली आहे. तिने कॉलेजात प्रवेश घेतलेला नाही, नोकरी करत नाही, सकाळी सहापासून क्लास आणि रात्री अकरापर्यंत अभ्यासिका असा तिचा दिवस असतो. म्हणजे आपल्या व्याख्येप्रमाणे नीट देणारी माझी मुलगी नीटमध्येच जाते की काय? हे जरा स्पष्ट करावे.

शिरगणती_काका
प्रश्न थट्टेचा वाटला तरी खरा आहे, आणि दारात उभे राहून मला तो अनेकदा पडला आहे. क्लासला जाणाऱ्यांचे आणि स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांत बसणाऱ्यांचे उत्तर कोण देतो यावर पुष्कळ अवलंबून असते. 'शिकतोय' म्हटले की एक कोड, 'नोकरी मिळाली तर उद्या जाईन' म्हटले की दुसरा. मंदीत याच मुलांची संख्या फुगते, कारण 'बेरोजगार आहे' यापेक्षा 'तयारी करतोय' हे उत्तर पाहुण्यांसमोर देता येते.

स्टाटा_मुक्त
आकडेमोडीसाठी स्टाटा हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर सोडून द्या. आर वापरा, फुकट आहे.

तक्ता_अडला
आरच वापरतो आहे. विषय तो नाही.

शनिवार रात्रीची स्थिती लिहितो. शहरी पुनर्भेटींच्या फाइली घेतल्या, जानेवारी-मार्च २०२० आणि एप्रिल-जून २०२० या तिमाहींतली तीच माणसे जोडली, आणि दोन्हीकडे फक्त साप्ताहिक स्थिती ठेवली. तक्ता एकदाचा हलला. शहरी बेरोजगारीचा दर जानेवारी-मार्चमधल्या ९.१ टक्क्यांवरून पुढच्या तिमाहीत सुमारे २१ टक्क्यांवर गेल्याचे सरकारी पत्रकात आहे, त्याच दिशेने माझाही जातो. पण दोन अडचणी उरल्या आहेत. कोड ७२ अचानक फुगला आहे, आणि बरीच माणसे दुसऱ्या भेटीत जुळतच नाहीत. शिवाय एक गोष्ट कळत नाही: वार्षिक अहवालात बेरोजगारी २०१८-१९ मध्ये ५.८, २०१९-२० मध्ये ४.८ आणि २०२०-२१ मध्ये ४.२ टक्के, म्हणजे ऐन साथीत ती कमी होत गेली आहे. मार्गदर्शक हेच आधी विचारतील.

शिरगणती_काका
७२ म्हणजे पगारी नोकरी आहे पण आजारपण सोडून इतर कारणाने त्या आठवड्यात कामावर गेला नाही. हॉटेल बंद, मालक म्हणतो 'उघडले की बोलावतो', तो माणूस नियमाने रोजगारातच राहतो. त्याला वेगळी ओळ द्या. मालकाने पुन्हा बोलावले की नाही ते पुढच्या भेटीत दिसेल.

वार्षिक आकड्याचे उत्तर ३६५ दिवसांत आहे. दोन-तीन महिने घरी बसलेला माणूस वर्षाच्या हिशेबात कामावरच राहतो. आणि ज्याला बसणे परवडत नाही तो भाजीची गाडी लावतो किंवा शेतावर जातो. त्याच अहवालांत शेतीतल्या माणसांचा वाटा ४२.५ वरून ४५.६ आणि मग ४६.५ टक्के झालेला आहे. तो एका वर्षात पाऊस चांगला झाला म्हणून वाढलेला नाही.

न जुळणाऱ्यांविषयी. मार्च २०२० च्या मध्यावर क्षेत्रकाम थांबले आणि जूनमध्ये सुरू झाले, पुनर्भेटी बऱ्याचशा फोनवर झाल्या. त्यामुळे एप्रिल-जूनच्या फाइलीतले 'मागचे सात दिवस' हे बहुतेकांचे एप्रिलमधले नाहीत, याची तळटीप द्यावी लागेल. मी स्वतः असे फोन केले आहेत. पिंपरीतल्या एका खोलीचा नंबर लावला तर बीडच्या गावातून आवाज आला, मागे बैलांच्या घुंगरांचा आवाज होता. 'खोली सोडली साहेब, भाडं कुठून देणार?' शहराच्या नमुन्यातून तो माणूस गेला आणि गावाच्या नमुन्यात तो कधीच नव्हता. आपला तक्ता ज्याच्यासाठी मांडला आहे, नेमका तोच दोन्हीकडून निसटला. ज्यांची दुसरी भेट नाही त्यांना काढून टाकू नका. 'माहिती नाही' असा चौथा रकाना करा, आणि त्यात पहिल्या भेटीत भाड्याच्या घरात राहणारे किती होते ते पाहा.

मुंबई_विश्लेषक
इथे मी काकांशी सहमत आहे. सीएमआयईतही त्या महिन्यांत प्रतिसाद घटला होता.

तक्ता_अडला
चौथा रकाना केला. काही शहरांत तो बेरोजगारीच्या रकान्यापेक्षा मोठा निघतो आहे. भाड्याच्या घराचा रकाना मात्र मला फाइलीत सापडत नाही, तो कोणत्या ब्लॉकमध्ये असतो?

शिरगणती_काका
मग तो या पाहणीत नसेल, माझी दुसऱ्या अनुसूचीशी गल्लत झाली. घरातली माणसे किती ते बघा, एकट्यादुकट्याची घरे जास्त दिसतील.

पालक_लातूर
माझ्या मुलीला शेवटी कोणत्या कोडमध्ये धरले ते कळवावे. मी तिला सांगणार नाही.