अकरावीतल्या मुलीसाठी जपानीचा लाइव्ह ऑनलाइन क्लास, कसा निवडायचा?

बार्शीची_आई:
नमस्कार मंडळी, लेक अकरावी सायन्सला आहे, ॲनिमे बघून बघून आता जपानी शिकायचंच म्हणते. इथे शिकवणारं कुणी सापडलं नाही आणि तिला एवढ्यात पुण्याला ठेवायची माझी तयारी नाही, म्हणून ऑनलाइन लाइव्ह क्लास लावला तर तिथे साठ पोरं, सगळ्यांचे कॅमेरे बंद, मॅडम स्लाइड वाचून दाखवणार, महिनाभरात हिला एकदाही तोंड उघडायला मिळालं नाही. पैसे गेले त्याचं नाही, पोरगी हिरमुसली त्याचं वाईट वाटतं. दुसरा क्लास बघताना काय विचारू? आणि बारावीत एन-फाइव्ह, म्हणजे जपानीच्या जेएलपीटी परीक्षेची सगळ्यात सोपी पातळी, जमेल का?

निहोंगो_पुणे:
ताई, मी शिकवते म्हणून सांगते, आधी बॅचमध्ये मुलं किती ते विचारा. दहा-बाराच्या वर नको. जेएलपीटीत बोलण्याची परीक्षाच नसते, सगळे बहुपर्यायी प्रश्न, त्यामुळे बरेच क्लास बोलणं सोडूनच देतात. पण एन-फाइव्हला पास व्हायला लागणारे १८० पैकी ८० मिळाले तरी ऐकण्याच्या भागात ६० पैकी १९ वेगळे लागतात आणि जी मुलं तोंडाने बोललेलीच नसतात ती नेमकी तिथे अडकतात. परीक्षा जुलै आणि डिसेंबरात असते, पुण्यात सेंटर आहे. डिसेंबर नको, पुढे फेब्रुवारीत बोर्ड, जुलैलाच बसवा.

अजून एक, हिरागाना-काताकाना या जपानीच्या दोन लिप्यांची ४६-४६ अक्षरं वहीत हाताने गिरवून घ्या आणि उच्चार देवनागरीत लिहायची सवय लावू नका. ओबासान म्हणजे मावशी-आत्या आणि ओबाआसान म्हणजे आजी, एवढ्याशा लांबीने नातं बदलतं!

सांगलीकर९:
माझं पण आधी इंग्रजीतून शिकवणाऱ्या क्लासमध्ये डोकं फिरलं होतं, कारण प्रत्येक वाक्य उलटं करून बघावं लागायचं. मग मराठी सेन्सेई, म्हणजे शिक्षक, मिळाले आणि कळलं की उलटं काहीच नाहीये. वाताशी वा गाक्कोओ नि इकिमास, मी शाळेत जाते, शब्दाला शब्द लावून बघा. आणि प्रश्न करायचा तर शेवटी ‘का’, इकिमास का, जाता का! अक्षरांचा क्रम पण आ-का-सा-ता-ना, आपल्या वर्णमालेच्याच वळणाचा, तो संस्कृतच्या अभ्यासातून तिकडे गेलाय. तिला हे पहिल्याच दिवशी सांगा, भीती जाते.

नागोयातून:
वहिनी, शिकवणारे जपानमधले असतील तर वेळ नीट बघून घ्या, आम्ही साडेतीन तास पुढे आहोत, तुमचे रात्रीचे आठ म्हणजे इथे साडेअकरा. आणि बारावीनंतर जपान सरकारची मेक्स्ट स्कॉलरशिप असते, त्यात पदवीच्या आधी एक वर्ष इथे भाषाच शिकवतात. म्हणून एन-फाइव्ह राहिली तरी दार बंद होत नाही, गणित मात्र सोडू देऊ नका.

बार्शीची_आई:
खूप आभार सगळ्यांचे. ते ‘का’ तिला वाचून दाखवलं तर लगेच वही घेऊन बसली. रविवारी एका आठ जणांच्या बॅचचा डेमो आहे, मी पण शेजारी बसून ऐकणार आहे.