श्वान पथकाला वसाहतीतील नागरिक कोणती मदत करू शकतात?

प्रश्न (सातारा)

नमस्कार. गेल्या महिन्यात आमच्या वसाहतीत घरफोडी झाली, तेव्हा माग काढण्यासाठी श्वान पथकातील एक डॉबरमन मादी आणली होती. तुटलेल्या कोयंड्याचा वास घेऊन ती मागच्या बोळातून हमरस्त्यापर्यंत गेली आणि तिथेच घुटमळली. दुपारचे ऊन रणरणत होते. हस्तकाने, म्हणजे तिला सांभाळणाऱ्या पोलिसाने, आपल्या बाटलीतले पाणी ओंजळीत घेऊन तिला पाजले आणि ती त्याच्या बुटावर हनुवटी टेकून बसली, ते दृश्य अजून डोळ्यांपुढून हलत नाही. आम्ही दहा-बारा जण, बहुतेक सेवानिवृत्त, या पथकासाठी नियमित काहीतरी करू इच्छितो. खाद्य द्यावे, निधी जमवावा की आणखी काही, आणि त्यासाठी कोणाकडे जावे, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर १ (निवृत्त श्वान हस्तक, पुणे)

ताई, आपली तळमळ वाचून फार बरे वाटले. खाद्य मात्र कृपया देऊ नका. हे श्वान फक्त आपल्या हस्तकाच्या हातचे खातात, आणि ही सवय मोडली तर कोणीही आमिष दाखवून त्यांना कामापासून दूर नेऊ शकतो. वस्तुरूपाने काही द्यायचे असल्यास जिल्ह्यात पोलीस अधीक्षकांकडे आणि शहरात पोलीस आयुक्तांकडे लेखी अर्ज करावा. हस्तकाच्या हाती परस्पर काहीही देऊ नये.

माझ्या मते सर्वांत मोठी मदत घटनास्थळीच होते. त्या दिवशी पथक येण्यापूर्वी कोयंड्याला किती जणांनी हात लावला आणि बोळातून किती जण जाऊन आले, हे आठवून पाहा. माग रस्त्यावर तुटला, कारण चोर बहुधा तिथून वाहनात बसले असावेत. परंतु आठ-दहा जणांचे वास एकमेकांत मिसळलेले असतील, तर श्वान रस्त्यापर्यंतही पोहोचत नाही. चोरी कळताच दार ओढून घ्यावे, कशालाही हात लावू नये आणि शेजाऱ्यांना लांब थांबवावे, एवढे आपल्या गटाने घरोघरी जाऊन सांगितले तरी पथकाचे काम निम्म्याने हलके होईल.

दुसरी गरज सरावाच्या जागांची असते. रोजच्या मैदानावर लपवलेली वस्तू श्वान सहज शोधतो. त्याला अनोळखी जिने, गोदामे आणि वाहनतळ हवे असतात. मुंबई पोलिसांचा झंजीर हा श्वान पुण्यात शिवाजीनगरच्या श्वान प्रशिक्षण केंद्रात शिकून १९९२ च्या अखेरीस बॉम्बशोधक पथकात आला आणि १९९३ च्या स्फोटांनंतर त्याने ३,३२९ किलो आरडीएक्स व २४९ हातबॉम्ब शोधून दिले. असे नाक उपजत असले, तरी ते रोजच्या सरावानेच तयार राहते.

उत्तर २ (पशुवैद्यक, नाशिक)

वरील मताशी सहमत आहे. भर घालतो ती एका दुर्लक्षित बाबीची. गोचीड तापात श्वानाचे रक्त झपाट्याने घटते आणि अशा वेळी दुसऱ्या श्वानाचे रक्त तातडीने मिळवावे लागते. वसाहतीत लसीकरण झालेले, धडधाकट व पंचवीस किलोंहून अधिक वजनाचे पाळीव श्वान असतील, तर मालकांच्या संमतीने त्यांची यादी करून स्थानिक पशुवैद्यकांकडे ठेवावी.

निवृत्त श्वानांचाही विचार व्हावा. २६ नोव्हेंबरच्या हल्ल्यात काम केलेले मॅक्स, टायगर, सुलतान आणि सीझर यांना निवृत्तीनंतर विरारच्या एका शेतघरात मायेचा आसरा मिळाला. २०१६ साली एकामागून एक चौघेही गेले. मात्र असा श्वान घरी आणण्यापूर्वी घराची फरशी पाहावी. लॅब्रेडॉर आणि जर्मन शेफर्ड यांचे खुबे म्हातारपणी दुखतात, गुळगुळीत फरशीवर त्यांची नखे सरकतात आणि उठताना मागचे पाय फाकतात. रबरी चटया अंथरलेले तळमजल्यावरचे घर असेल, तरच जबाबदारी घ्यावी.

उत्तर ३ (न्यू जर्सी, अमेरिका)

इथे अनेक गावांत नागरिकांच्या नोंदणीकृत संस्था पोलीस श्वानांसाठी संरक्षक जाकिटे आणि उपचारांचा खर्च उभा करतात. मी स्वतः सरावात ‘हरवलेला माणूस’ होते. ठरलेल्या वाटेने चालत जायचे, झुडपामागे निश्चल बसायचे आणि श्वान येईपर्यंत हूं की चूं करायचे नाही. पहिल्या दिवशी पाऊण तास बसले. मग सुक्या पानांची सळसळ झाली आणि एक ओले नाक माझ्या गुडघ्याला लागले. हस्तकाने सांगितले होते त्याप्रमाणे मी चेंडू पुढे केला, कारण तेच त्याचे बक्षीस होते. पथकाची परवानगी मिळाल्यास आपल्यासारख्या ज्येष्ठांनाही हे काम सहज जमेल, कारण त्यासाठी लागतो तो केवळ वेळ आणि धीर.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांची मनःपूर्वक आभारी आहे. कोयंड्याविषयी विचारलेत ते खरे आहे. मी स्वतः तो हातात घेऊन पाहिला होता, याचे आता वाईट वाटते. वसाहतीतील एका मंगल कार्यालयाचे मालक लग्नसराई नसताना सरावासाठी किल्ली द्यायला तयार आहेत. पोलीस अधीक्षकांच्या नावे अर्ज लिहून झाला आहे आणि बसून राहण्याच्या कामासाठी सात जणांनी नावे दिली आहेत. सोमवारी आम्ही तिघी तो अर्ज घेऊन जात आहोत.