मैदानाची मापे ठरलेली नसतील, तर बेसबॉल न्याय्य कसा राहतो?

प्रश्न:
दोन वर्षे बेसबॉल नियमितपणे पाहूनही एक गोष्ट मला उलगडलेली नाही. दोन बेसमधले (धावताना गाठायच्या टप्प्यांमधले) अंतर 90 फूट आणि पिचरपासून, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यापासून, होम प्लेटचे (फलंदाजाच्या जागेचे) अंतर 60 फूट 6 इंच, ही मापे काटेकोरपणे पाळली जातात. पण आउटफील्डची, म्हणजे मैदानाच्या बाहेरच्या भागाची, भिंत किती दूर आणि किती उंच असावी, हे मात्र मैदानागणिक बदलते. क्रिकेटमध्येही सीमारेषा कमी-जास्त अंतरावर असते हे खरे, पण तिथे मैदानात 37 फूट उंच भिंत उभी नसते. एकच टोला बोस्टनमध्ये होम रन (षटकारासारखा भिंतीपलीकडे गेलेला टोला) आणि दुसऱ्या शहरात साधा झेल ठरत असेल, तर खेळाडूंच्या आकडेवारीची तुलना तरी कशी करायची?

प्रतिसाद 1:
ती भिंत कोणा वास्तुविशारदाच्या लहरीतून आलेली नाही, हे आधी सांगायला हवे. बोस्टनचे फेनवे पार्क 1912 मध्ये खुले झाले तेव्हा लेफ्ट फील्डच्या (आउटफील्डच्या डाव्या भागाच्या) मागे लॅन्सडाउन स्ट्रीट होता आणि मैदानाला त्या बाजूला पसरायला जागाच नव्हती. अंतर वाढवता येईना, म्हणून पुढे उंची वाढत गेली. 1947 मध्ये भिंतीला हिरवा रंग दिला गेला आणि आज तिला ‘ग्रीन मॉन्स्टर’ म्हणतात.

फाउल लाइनवर, म्हणजे मैदानाच्या कडेच्या रेषेवर, ही भिंत होम प्लेटपासून अवघ्या 310 फुटांवर आहे. त्यामुळे जो उंच, आळसावलेला टोला इतरत्र सहज झेलला गेला असता, तो इथे भिंतीपलीकडे पडतो. उलट जो सपाट, जोरकस टोला इतरत्र होम रन झाला असता, तो इथे भिंतीवर आदळून परत येतो आणि फलंदाजाला दोन बेसवर, कधी एकाच बेसवर समाधान मानावे लागते. म्हणजे ही भिंत फलंदाजाला मदत करते, असे सरसकट म्हणता येत नाही. लेफ्ट फील्डच्या खेळाडूला तर वेगळीच विद्या शिकावी लागते. त्याच्या पाठीशी धावायला जागा नसल्यामुळे तो पुढे उभा राहतो आणि चेंडू भिंतीच्या कुठल्या भागावर आदळला तर कुठल्या कोनात उसळेल, हे त्याला अंगवळणी पाडून घ्यावे लागते. बोस्टनचे लेफ्ट फील्डचे खेळाडू कार्ल यास्ट्रझेम्स्की यांनी ही विद्या इतकी आत्मसात केली होती, की झेल आपल्याच हातात येणार असा आविर्भाव आणून ते धावकाला जागीच थांबवत आणि मग भिंतीवरून आलेला चेंडू उचलून फेकत. हे पाहिल्यावर भिंतीला अन्याय म्हणायला माझे तरी मन धजत नाही.

उजव्या बाजूचे गणित निराळे आहे. तिथला कोपरा 302 फुटांवर, पण कुंपण लगेच मागे वळून बुलपेनपाशी (राखीव पिचरांच्या सरावाच्या जागेपाशी) 380 फुटांपर्यंत जाते. हे बुलपेन 1940 मध्ये बांधले गेले आणि कुंपण वीसेक फूट पुढे आले. डावखुऱ्यांचे टोले बहुधा उजवीकडे जातात, तेव्हा त्याचा लाभ बोस्टनच्या टेड विल्यम्स या डावखुऱ्या फलंदाजाला व्हावा, हा हेतू उघड होता.

प्रतिसाद 2:
न्याय-अन्यायाचा प्रश्न सर्वांत तीव्रपणे उभा राहिला तो न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर. घोड्याच्या नालेसारखे लांबुळके मैदान: उजवा कोपरा 258 फुटांवर, डावा 279 फुटांवर आणि मध्यभाग मात्र सुमारे 480 फूट खोल. 1954 च्या वर्ल्ड सिरीजच्या पहिल्याच सामन्यात, आठव्या डावात, 2-2 अशी बरोबरी असताना क्लीव्हलंडच्या विक वर्ट्झने चारशे फुटांहून लांब टोला मारला आणि न्यूयॉर्क जायंट्सच्या विली मेज यांनी पाठमोरे धावत तो झेलला. त्याच सामन्याच्या दहाव्या डावात जायंट्सच्याच डस्टी ऱ्होड्सचा जेमतेम 260 फुटांचा टोला उजव्या कुंपणापलीकडे गेला आणि जायंट्स 5-2 ने जिंकले. दोन्ही संघांना मैदान एकच होते. तरी वर्ट्झसाठी मला आजही वाईट वाटते. पण मध्यभाग एवढा खोल नसता, तर मेज यांना धावायला जागाच मिळाली नसती आणि तो झेलही झाला नसता.

आकडेवारीबद्दल तुमची शंका रास्त आहे. न्यूयॉर्कच्याच यँकीज संघाच्या जुन्या यँकी स्टेडियमची उजवी बाजू तीनशे फुटांच्याही आत होती आणि डावीकडचा मध्यभाग साडेचारशे फुटांच्या पलीकडे. बेब रूथसारख्या डावखुऱ्याला ते मैदान लाभले, तर उजव्या हाताने खेळणाऱ्या जो डिमॅजिओंनी घरच्या मैदानावर 148 आणि बाहेर 213 होम रन मारले. आता मैदानाचा परिणाम वजा करून आकडे मांडण्याची पद्धत रूढ झाली आहे.

प्रतिसाद 3:
गल्लीमुळे आलेला वाकडेपणा मला मान्य आहे, पण मुद्दाम घडवलेला नाही. ह्यूस्टनचे मैदान 2000 मध्ये नव्याने बांधताना सेंटर फील्डमध्ये 436 फुटांवर उंचवटा केला गेला आणि त्यावर ध्वजस्तंभही उभारला गेला. झेल घेण्यासाठी मान वर करून धावणाऱ्या खेळाडूच्या पायाखाली अचानक चढ यावा, यात कौशल्याची कसोटी कमी आणि दुखापतीचा धोका जास्त होता. 2016 च्या हंगामानंतर तो काढला, हे योग्यच झाले.

मूळ प्रश्नकर्ता:
सविस्तर उत्तरांबद्दल मनापासून आभार. मग सगळीकडे कुंपण पुरेसे दूर ठेवले, तर गोलंदाजी करणाऱ्या संघाचे संरक्षण आपोआप होणार नाही का?

प्रतिसाद 1:
डेन्व्हरमध्ये नेमके तेच करून पाहिले गेले. कूअर्स फील्ड समुद्रसपाटीपासून सुमारे एक मैल उंचीवर आहे. विरळ हवेत चेंडू लांब जातो, म्हणून कुंपण डावीकडे 347, मध्यभागी 415 आणि उजवीकडे 350 फुटांवर ठेवले गेले. त्यामुळे आउटफील्ड इतके विस्तीर्ण झाले, की तिघा क्षेत्ररक्षकांमधल्या मोकळ्या जागेत चेंडू पडू लागले आणि दोन-तीन बेस मिळवून देणारे टोले वाढले. 2002 पासून तिथे चेंडू आर्द्रता राखणाऱ्या कपाटात ठेवले जातात. त्याने फरक पडला, पण ते मैदान अजूनही पिचरांना अवघडच जाते.