आषाढाचा पहिला दिवस आणि विलायतेचा राजकवी (आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरून, नागपूर)

सकाळी ७:१२ | ए-१०४
टाकीचा वॉल्व्ह बदलणं सुरू आहे. आज पाणी ९ ते १० एवढंच. बादल्या भरून ठेवा.

७:२० | बी-२०१ (बाई)
आषाढस्य प्रथमदिवसे! आभाळात ढगाचा ठिपका नाही आणि तेच ते मेघदूताचं चित्र मला पहाटेपासून अकराव्यांदा आलंय. त्यापेक्षा खरीखुरी गोष्ट सांगते. मार्च २०२० मध्ये ब्रिटनच्या राजकवीने लॉकडाऊनवर कविता लिहिली, ती जाऊन थांबते थेट कालिदासाच्या मेघापाशी. आता यक्ष कुठला, तर आपल्या रामटेकचा!

७:२४ | ए-३०३ (खजिनदार)
बाई, व्हॉट्सअ‍ॅपवरचं सगळं खरं नसतं. युनेस्को आपल्या राष्ट्रगीताला दर वर्षी पहिला नंबर देत असते.

७:३१ | बी-२०१ (बाई)
हे फॉरवर्ड नाही हो. मी स्वतः वाचलीय. सायमन आर्मिटेज नाव त्याचं. कवितेची सुरुवात होते डर्बीशरमधल्या ईम नावाच्या खेड्यात. १६६५ साली लंडनहून तिथल्या शिंप्याकडे कापडाचा गठ्ठा आला. कापड ओलं होतं म्हणून शेकोटीपाशी वाळत घातलं, आणि त्यातल्या पिसवांनी गावात प्लेग आणला. मग गावाने स्वतःला कोंडून घेतलं. वेशीवरच्या दगडाला भोकं पाडलेली, त्यात व्हिनेगर, आणि व्हिनेगरमध्ये नाणी. बाहेरचे लोक धान्य ठेवून पैसे उचलून न्यायचे. गावातली एक मुलगी आणि शेजारगावचा तिचा ठरलेला नवरा लांबूनच एकमेकांना बघायचे. एक दिवस ती यायची थांबली.

७:३३ | बी-२०१ (बाई)
आणि इथून त्याला झोपेत मेघदूत दिसतं. शाप मिळालेला यक्ष, लांब राहिलेली बायको, मध्ये निरोप्या ढग. मोर, बगळे, पावसानंतरचं कमळ, सगळं येतं. बगळे तर आपल्या बलाकाच. मला वाचताना रडू आलं, खोटं कशाला सांगू. तेव्हा माझा मुलगा पुण्यात अडकला होता.

७:४० | ए-३०३ (खजिनदार)
🙏 शब्द मागे घेतो.

७:४८ | बी-४०२ (सेक्रेटरी)
राजेहो, राजकवी म्हणजे भाटच ना जी? राजाचा वाढदिवस आला की ओवाळायचं. आजच्या काळात हे काय करून राहिले बे ते लोक?

८:०२ | ए-३०३ (खजिनदार)
आणि पगार किती?

८:१५ | ए-१०४
ज्यांची गाडी टँकरच्या वाटेत आहे त्यांनी काढा. पांढरी स्विफ्ट.

११:३६ | सी-५०३ (इंग्लंडमधल्या लीड्सहून)
गुड मॉर्निंग, आत्ता उठले. अरे, हा तर आमच्या बाजूचा माणूस! हडर्सफील्डला जन्म, मार्सडेनला वाढला. आमच्याकडून ट्रेनने गेलं की डोंगराच्या कुशीत लागतं ते गाव. दगडी घरं, बंद पडलेल्या लोकर गिरण्या, वर माळरान. आधीचा राजकवी टेड ह्यूज पण ह्याच पट्ट्यातला.

११:३८ | ए-३०३ (खजिनदार)
नमस्कार. आपला एप्रिल-जूनचा मेंटेनन्स बाकी आहे.

११:३९ | सी-५०३ (लीड्सहून)
आज करते काका 🙈 पगाराचं सांगते. वर्षाला ५,७५० पौंड. म्हणजे सहा-सात लाख रुपये. शिवाय जुन्या रिवाजाने शेरी नावाच्या वाइनचं पीप. नेमणूक मे २०१९ ची, मुदत १० वर्षं. पूर्वी हे पद मरेपर्यंत असायचं. आणि हा ते मानधन घरी नेत नाही, निसर्गावरच्या कवितासंग्रहांसाठी लॉरेल प्राइझ म्हणून बक्षीस सुरू केलंय, त्यात घालतो.

११:४४ | बी-४०२ (सेक्रेटरी)
शेरीचं पीप पण बक्षिसात देते का जी? 😄

११:४७ | सी-५०३ (लीड्सहून)
ते विचारायला पाहिजे 😂 भाटगिरीचं म्हणाल तर, लिहायलाच पाहिजे अशी सक्ती नाही. राणी गेली तेव्हा मात्र लिहिली. दोन कडवी, प्रत्येकी नऊ ओळी. ओळींची पहिली अक्षरं वरून खाली वाचली की दोन्ही वेळा एलिझाबेथ. इंग्रजी स्पेलिंगमध्ये नऊ अक्षरं बरोब्बर.

११:५५ | ई-२०२ (कोर्टवाले काका)
अशी कसरत आपल्याकडच्या पंत कवींना डाव्या हाताचा मळ होती. बाकी हा गृहस्थ आधी काय करायचा? कवितेवर कुणाचं पोट भरत नाही.

१२:०१ | सी-५०३ (लीड्सहून)
काका, तुमच्याच खात्यातला! प्रोबेशन ऑफिसर. वडीलही तेच. पोर्ट्समथला भूगोल शिकला, मग मँचेस्टरला टीव्हीवरच्या हिंसेचा बाल-गुन्हेगारांवर काय परिणाम होतो यावर प्रबंध, आणि १९९४ पर्यंत नोकरी. पहिला संग्रह १९८९ चा, म्हणजे नोकरीत असतानाच.

१२:१४ | ई-२०२ (कोर्टवाले काका)
परिवीक्षा अधिकारी! मग बोलायलाच नको. त्यांचे अहवाल मी वर्षानुवर्षं टाइप केलेत. "सदर मुलाचे वडील मजुरी करतात, आई आजारी, मुलगा शाळेत जात नाही." चार ओळींत अख्खं घर. एक अधिकारी होते, त्यांच्या अहवालात घरातली खाट किती आणि माणसं किती हे असायचंच. साहेब तेवढंच वाचून मान हलवायचे. अशा माणसाने कविता लिहिली तर ती कळणारच हो. फुलं-चांदण्या कमी असतील.

१२:२० | सी-५०३ (लीड्सहून)
अगदी तसंच, काका. लढाईवरून परतलेल्या सैनिकांशी बोलून त्याने एक टीव्ही फिल्म केली होती. त्यातली एक कविता इथे दहावीच्या वयाच्या मुलांना आहे. बँक लुटणाऱ्यांपैकी एकाला गोळी घातलेला शिपाई सांगतोय, घरी आलो तरी तो मेलेला माणूस डोक्यातून जात नाही. त्याच्याकडे हत्यार होतं की नव्हतं, तेही नक्की नाही. भाषा एवढी साधी की चहाच्या टपरीवर कुणी बोलतंय असं वाटतं.

१२:२६ | डी-१०१ (इंजिनिअरिंग थर्ड इयर)
गूगल केलं. ह्याचा बँडपण आहे?? एलवायआर. तो बोलतो आणि मागे म्युझिक. आमच्या मराठीच्या सरांचा बँड इमॅजिन करून बघतोय 💀

१२:३० | बी-२०१ (बाई)
आपले कीर्तनकार काय करतात मग? बोलतात आणि मागे मृदंग. आणि जुनं लिखाणही सोडलं नाही त्याने. चौदाव्या शतकातलं सर गवेन आणि हिरव्या सरदाराचं काव्य आजच्या इंग्रजीत आणलं, २००७ मध्ये. अडीच हजारांवर ओळी, आणि मूळचा अनुप्रासाचा ठेका सांभाळून. मुळातली बोली लंडनची नाही, याच्या मुलखाजवळची. एखाद्या वऱ्हाडी माणसाने महानुभावांचं गद्य हातात घ्यावं तसं. रिद्धपूर आपल्या अमरावतीतलंच की.

१२:३५ | ए-३०३ (खजिनदार)
भाषांतरावरून आठवलं. मेघदूत मराठीत चिंतामणराव देशमुखांनीही आणलंय. रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर! बँकवाल्यांना रुक्ष म्हणू नये.

१२:३६ | बी-२०१ (बाई)
कुणी म्हटलं? 😊

१:०५ | सी-५०३ (लीड्सहून)
मला त्याचं सगळ्यात काय आवडतं सांगू? कविता पुस्तकात बसून राहत नाहीत. मार्सडेन ते इल्कलीच्या डोंगरात सहा ठिकाणी त्याच्या कविता दगडावर कोरल्यात. बर्फ, पाऊस, धुकं, दव, डबकं आणि ओढा. अक्षरं पिप हॉल नावाच्या बाईंनी कोरली. सातवा दगडही आहे, पण कुठे ते सांगितलेलं नाही, भटकताना सापडला तर सापडला. आम्ही ओढ्याचा बघायला गेलो होतो. बूट चिखलात, छत्री उलटी झालेली, लेक कंटाळलेली. ओढ्यातच पडलेला दगड, दोन्ही बाजूंनी पाणी वाहतंय, अक्षरांत शेवाळ धरायला लागलेलं. लेकीने ओल्या बोटाने एक-एक अक्षर गिरवलं. वाचलं नाही, गिरवलंच. मग तिला तिथून हलवता हलवेना.

१:१२ | डी-१०१ (इंजिनिअरिंग थर्ड इयर)
हे बघा, हे भारी आहे. २०१४ मध्ये शेफील्ड युनिव्हर्सिटीच्या भिंतीवर हवेवरची कविता लावली होती. १० बाय २० मीटरचं बॅनर, त्यावर टायटॅनियम डायऑक्साइडचे नॅनो कण. ऊन पडलं की हवेतले नायट्रोजन ऑक्साइड खातं. रोज साधारण २० गाड्यांचा धूर. कविता प्रदूषण खाते!! आणि कॅन्सर संशोधनावरची ५१ शब्दांची कविता चक्क गोळीच्या आकाराच्या तुकड्यावर कोरून दिलीय.

१:१५ | बी-४०२ (सेक्रेटरी)
आपली रोडकडची भिंत रंगवायचीच आहे. लावायची का जी एक? पान खाणाऱ्यांचं काही करते का ती कविता?

१:१६ | ए-३०३ (खजिनदार)
बजेटमध्ये फक्त डिस्टेंपर आहे. नॅनो नाही.

१:१९ | ई-२०२ (कोर्टवाले काका)
भिंतीवर चार ओळी लिहायला नॅनो कशाला लागतं? पेंटर लागतो. निवड बाईंवर सोपवा.

१:२४ | बी-२०१ (बाई)
निवडते. पण आधी वाचन होऊ द्या. रविवारी रामटेकला जायचं बघू, आज संध्याकाळी ७ ला गच्चीवर मेघदूत. मराठीतून. सोबत ती ईमची कविताही सांगेन. चटई ज्याची त्याने आणावी.

१:२८ | सी-५०३ (लीड्सहून)
बाई, त्याच्यासारखं करा! २०१० मध्ये तो पेनाइन वे नावाची डोंगरातली लांब पायवाट चालला. स्कॉटलंडच्या हद्दीतून डर्बीशरमधल्या ईडेलच्या दिशेने, लोक जातात त्याच्या उलट दिशेने, घराकडे. अख्खी वाट २५० मैलांच्या वर. खिशात पैसे न घेता. रोज संध्याकाळी पबात नाहीतर गावच्या हॉलमध्ये कविता वाचायच्या आणि मग लोकांत मोजा फिरवायचा. पायमोजा! ज्याला जे वाटेल ते त्यात टाकायचं.

१:३१ | बी-४०२ (सेक्रेटरी)
झालं तर मग! आज गच्चीवर मोजा फिरते. भिंतीच्या पेंटरचे निघतीन.

१:४० | ए-३०३ (खजिनदार)
हरकत नाही. मोजा नवा किंवा धुतलेला असावा. मोजणी दोन सभासदांसमोर होईल. सी-५०३, आपल्याला मोजा लागणार नाही, खाते क्रमांक ग्रुपच्या माहितीत आहे.

१:४१ | ए-१०४
पांढरी स्विफ्ट अजून तिथेच आहे.